एका हाताचा जोड

“ही वेणी कुणाची?”

तोडकर शेठ तयार मालाच्या राशीतून एक जोड उचलून दारात उजेडाला घेऊन आले होते. कोल्हापुरात त्यांचं दुकान होतं आणि महिन्याकाठी आमच्या गावी येऊन ते पायताणं घेऊन जात. मी दारातच वेणी वळत बसले होते, पण मान वर केली नाही. अशा वेळी आपण होऊन ‘माझी’ म्हणायचं नसतं. ते मामांनी सांगायचं असतं. मामा म्हणजे माझे सासरे, भैरू सातपुते.

“आमच्या थोरल्या सुनंची,” मामा आतून म्हणाले. “आनी कुणाची असणार?”

“न्हवं, अण्णा. थोरलीची मी अंधारात वळखीन. जन्मभर टिकती, पर हाताला टोचती. ही जरा बघा. मांजराच्या पिल्लाच्या पाठीवरनं बोट फिरवल्यागत वाटतंय.”

मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे त्यांचं बघणं म्हणजे अंगठा फिरवणं. त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. माझ्या वेणीवरून त्यांनी दोनदा अंगठा फिरवल्याचं मला आठवत नव्हतं.

“धाकटीची हाय,” ते म्हणाले.

माझ्या बोटांत जो पेड होता तो मी इतका ओढला की तुटला. कातडं वाया घालवल्याबद्दल एरवी मी दुसऱ्या कुणाला दिवसभर बोलले असते.

आमच्या घरात कापशी पायताणं होत. हलकी, बारीक, चालताना कर्र कर्र वाजणारी आणि एकही खिळा नसलेली. तळ कापायचा, टाच बसवायची, कातड्याच्या वादीनं शिवायचं, ही गड्यांची कामं. पट्ट्यावरची वेणी मात्र बाईची. शेळीच्या कातड्याच्या दोऱ्याएवढ्या पट्ट्या काढायच्या, ओल्या करायच्या, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायचं आणि केसांची वेणी घालतो तशी घालत जायचं. फक्त केसांना तीन पेड असतात आणि इथे सात असतात, बऱ्या मालाला नऊ. आमचे गडी दिवसभर हातोडी आपटून घर डोक्यावर घेत, पण गिऱ्हाईक भुलायचं ते वेणीला.

आणि एका घराची वेणी एकच असायची. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण धंद्यात तसंच होतं. दुकानदार पट्ट्यावर नजर टाकून सांगायचा, हा सातपुत्यांचा माल. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्यांच्या हयातीत ती वेणी त्यांची होती, आणि दारातली जागाही त्यांचीच. घरात उजेड असा तो दारातच, आत कातडी सुकू नयेत म्हणून कायम अंधार. आत्तींनी बोटांवर छड्या मारून मारून आपला हात माझ्या हातात उतरवला आणि मग डोळे मिटले. त्यांच्या दिवसांनंतर मामांनी मला दारात बसवलं. घरातल्या बाकीच्या बायांनी परसात कातडी भिजवायची, दगडानं बडवायची, तळांना तेल चोपडायचं. त्यांच्या अंगाला वास यायचा, माझ्या अंगाला नाही. येणारा-जाणारा आधी माझ्याशी बोलायचा. मी त्या जागेवर किती चढून गेले होते, ते मला तेव्हा कळत नव्हतं. गल्लीतल्या बायांना मात्र चांगलं कळत होतं.

मग माझ्या दिराचं, म्हादूचं, लग्न झालं आणि अथणीहून निलव्वा आली.

अथणीच्या पोरी म्हणे पाळण्यातच वेणी शिकतात. मी तिला परसात बडवायला बसवलं. ती बसली. मी म्हणेन ते ती करायची आणि वर ‘हौदु, अक्का’, म्हणजे ‘हो, ताई’, म्हणायची. अर्धी कानडी, अर्धी मराठी, आणि सगळ्या गल्लीला ते ‘हौदु’ गोड लागायचं. जावा जावा, उभा दावा म्हणतात, पण दावा मांडायला समोरचं माणूस भांडायला तरी यायला हवं. ती यायचीच नाही. नव्याचे नऊ दिवस सरतील म्हणून मी वाट पाहिली, तर सणाचा माल अंगावर आला आणि मामा म्हणाले, धाकटीलाबी चार वेण्या वळू दे.

तिनं वळल्या. मी पाहिल्या. आत्तींची शपथ घेऊन सांगते, तशी वेणी मी जन्मात पाहिली नव्हती. पट्ट्यावर ती नुसती पडून राहायची, कुठे ताण नाही, कुठे गाठ नाही, जशी काही कातड्यातूनच उगवली आहे.

तेव्हापासून मी तिला पाण्यात पाहायला लागले. ती जेवायला बसली की मला वाटे, किती खाते. नाही खाल्लं की वाटे, ढोंग करते. रात्री आमच्या मालकांना, म्हणजे केरबांना, मी म्हटलं, “धाकटीची वेणी आठ दिसात उसवंल, बघा.” तर ते कुशीवर वळून म्हणाले, “वेणीच ती. कुणीबी घाला की.” त्या माणसाला मी आठ दिवस कोरडी भाकर वाढली.

आणि त्याचबरोबर मी तिला बघत राहिले. ते सांगायला मला आता काही वाटत नाही. ती पेड पाण्यात न भिजवता ओठांत धरून ओला करायची. ओढायची नाही, नुसता सोडायची, आणि मग करंगळीनं हलकेच जागेवर बसवायची. सगळे शेतावर किंवा बाजाराला गेले की मी गोठ्यामागे जाऊन कातड्याच्या कातरणांवर तिचा हात गिरवायची. मला वाटायचं, मी तिचा कमीपणा शोधते आहे.

तर त्या दिवशी तोडकर शेठ नुसतं कौतुक करून थांबले नाहीत.

“अण्णा, एका मोठ्या घरातलं लगीन हाय. साखर कारखान्याचं चेअरमन. नवरदेवाच्या पायात घालायला जोड पायजे, अख्ख्या मांडवानं बघावा असा. माझ्या मनात म्हणाल तर ह्या हाताचा.” त्यांनी निलव्वाचा जोड उचलून दाखवला. “आनी येक. एका पिशवीत दोन तऱ्हंची वेणी नगं. गिऱ्हाईक इचारतंय, ह्यो सातपुत्यांचाच माल का म्हणून. काय ते एक ठरवा.”

“हात मी ठरवीन,” मामा म्हणाले. “तुमी परवा सकाळी या.”

शेठ गेल्यावर मामांनी दोघींना समोर बसवलं. निलव्वाच्या हाताला अजून तेल होतं. तिनं ते लुगड्याला पुसलं.

“नऊ पेडाला लागंल असं कातडं तीनच पट्ट्यांचं हाय,” मामा म्हणाले. “उद्या डावं पायताण मालन करंल, उजवं निलव्वा. मी बघीन. जिचं सरस, तिनंच राहिलेल्या कातड्यात त्याच्या जोडीचं दुसरं करायचं. दोन हातांचा जोड पायात घालायचा नसतोय, माणूस लंगडतंय. आनी जिचा जोड, ती हितनं फुडं दारात बसंल. दुसरीनं परसाकडचं बघायचं. पुन्यांदा हा इषय न्हाई.”

“हौदु, मामा,” निलव्वा म्हणाली.

रात्रभर मला एकच दिसत होतं, मी परसात दगडानं कातडं बडवते आहे आणि दारातून ‘हौदु’ ऐकू येतं आहे.

दुसऱ्या दिवशी मामांनी दोघींनाही दारात बसू दिलं नाही. मी गोठ्याच्या पडवीत बसले, ती चुलीजवळच्या झरोक्याखाली. दोघींच्या मध्ये भिंत होती. पट्ट्या ओल्या केल्या, टोक अंगठ्याखाली धरलं आणि मी हिशेब केला. शेठना मऊ वेणी हवी आहे. मामांचा अंगठा त्या मऊ वेणीवर दोनदा फिरला आहे. माझी घट्ट वेणी घेऊन गेले तर मी हरले. तेव्हा आज वळायची ती तिचीच वेणी, आणि तिच्याहून सरस.

मी पेड ओठांत धरला. ओढला नाही, सोडला. करंगळीनं बसवला. गोठ्यामागच्या कातरणांवरची सगळी चोरटी मेहनत त्या दिवशी फळाला आली. वेणी पट्ट्यावर उतरत गेली आणि मला इतका आनंद झाला, की आत्तींनी दिलेल्या हातावर मी पाणी सोडते आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही. अथणीच्या बाईनंही फसावं अशी ती झाली होती. मध्ये एकदा चुलीकडून निलव्वाचा ‘स्स’ असा आवाज आला. मला बरं वाटलं.

ऊन परसाच्या भिंतीवर गेलं तेव्हा मामांनी हाक मारली. केरबा आणि म्हादू हातातलं काम टाकून येऊन उभे राहिले. मी माझं डावं पायताण पदराखालून काढून मामांच्या पुढ्यात ठेवलं. निलव्वानं उजवं ठेवलं. तिच्याकडे मी बघितलं नाही.

मामांनी आधी डावं उचललं. अंगठा फिरवला.

“ही धाकटीची,” ते म्हणाले.

मला हसू येत होतं. फसले, मामा फसले. पण ते पुरतं आलं नाही. इतकी वर्षं ज्या अंगठ्याखाली मी वेण्या ठेवल्या, त्याला मी सापडले नव्हते.

मग त्यांनी उजवं उचललं. अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेला आणि तिथेच थांबला.

“आनी ही थोरलीची,” ते म्हणाले. “मालन, लई दिसांनी अशी वळलीस. ही तुझ्या आत्तीचीच वेणी हाय. मऊ ती चांगलीच, शेठचं खोटं न्हाई. पर हिच्यात जीव हाय. नवरा चालंल तवा ही धरून ठेवंल त्येला. ठरलं तर मग. दारात थोरलीच बसंल, अन् उरल्याल्या कातड्यात डावं थोरलीच करंल.”

म्हादूनं मान खाली घातली. केरबा माझ्याकडे बघून हसले, जसं काही त्यांनीच वेणी घातली होती. मी जिंकले होते. जागा माझी होती, फक्त तोंड मिटून बसायचं होतं. निलव्वा बोलणार नव्हती, ते मला तिच्या खाली घातलेल्या डोळ्यांवरून कळत होतं. तिला बोलून करायचं तरी काय होतं? मी अक्कांचा हात चोरला, असं?

मी मामांच्या हातातून ते उजवं पायताण घेतलं. वेणी माझी होती. पट्ट्याच्या कडेला आले की मी गाठ आत दडवते, तशीच दडवलेली. पेड आवळ, एकाला एक खेटून. आणि ती माझ्याहून सरस होती. माझ्या वेणीत मधेच एखादा पेड चढतो, तो हिच्यात कुठे चढला नव्हता. आत्ती माझ्या बोटांवर छड्या मारत होत्या त्या ह्या वेणीसाठी, आणि ती अशी मला कधीच साधली नव्हती. ती हिनं साधली होती, काल आलेल्या पोरीनं, छडीसुद्धा न खाता.

मला खरं बोलायचं नव्हतं. पण सोसवलं नाही.

“ही माझी न्हाई,” मी म्हणाले.

“म्हंजे?”

“हिची हाय. अन् ती मऊ माझी.”

मामांनी हात पुढे केला, मी पायताण त्यांच्या हातात दिलं. ते दोन्ही पायताणं दोन हातांत घेऊन बसले, तराजूत जोखल्यासारखे.

“म्हंजे दोघीबी आपला आपला हात टाकून शेजारणीच्या घरात शिरलासा,” ते म्हणाले. रागावले होते की काय, कळेना. “मला काय त्येचं? सरस ती सरस. जिनं केली तिनं जोड करावा. निलव्वा, जा, दारात बस.”

माझ्याच तोंडानं मी जागा घालवली होती.

निलव्वा उठली नाही.

“माझ्याच्यानं हुयाची न्हाई, मामा.”

“का न्हाई? एक केलीस की.”

तिनं हात पुढे केला. मामांना दिसणार नव्हता, पण आम्हाला दिसला. तर्जनीच्या पेरावर पट्टी रुतून कातडी फाटली होती. “चार बारी उसवली तवा ही एक झाली,” ती म्हणाली. “दुसरी अशी यायची न्हाई. हात माझा न्हवंच ह्यो. अक्कांचा हाय, त्येनीच करावं.”

“मग मालन, बस,” मामा म्हणाले आणि काठी टेकत उठून गेले. त्यांना परत एक शब्द बोलायचा नव्हता. शेठ सकाळी यायचे होते.

मी दारात जाऊन बसले. उरलेल्या पट्ट्या भिजवल्या, अंगठ्याखाली धरल्या, समोर तिचं उजवं पायताण ठेवलं. आपलीच वेणी, हात काय विसरतो होय? पहिल्या चार ओळी घातल्या आणि बोट फिरवून पाहिलं. मऊ. मांजराचं पिल्लू. पेड नकळत ओठांत गेला होता. उकलली. दुसऱ्यांदा दात खाऊन ओढली, तर ती वेणी झाली नाही, गुराचं दावं झालं, एकीकडे कलंडलेलं. उकलली. तिसऱ्यांदा घातली ती मऊही नाही आणि घट्टही नाही, कुणाचीच नाही. गोठ्यामागे बसून मी तिचा हात शिकता शिकता माझा कुठे टाकून आले होते, आणि आता तो मला सापडत नव्हता. कातडं पुन्हा पुन्हा उकलून भुरकट पडायला लागलं. मला रडू येत होतं, पण दारात बसलेली बाई गल्लीला दिसते.

निलव्वा आत बोटाला चिंधी गुंडाळत बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

“बघत काय बसलीस?” मी म्हणाले. “मज्जा वाटती व्हय?”

“न्हाई, अक्का.”

“मग?”

ती उठून आली आणि माझ्यासमोर उंबऱ्यावर बसली.

“तुमी डावा गुडघा वर घेऊन बसता,” ती म्हणाली. “आज मांडी घातलीया.”

मी गुडघा वर घेतला.

“आनी तिसऱ्या पेडाला तुमी श्वास धरता. धरा. पाचव्याला सोडता. कडंला आलं की खालचा व्हट चावता, तवा वढ जरा जास्त बसती. मी लई दिस नुसती ओढून बगत होते, जमंना. मग व्हट चावून बगितला, तवा जमलं.”

मी ओठ चावते, हे मला ठाऊक नव्हतं. आत्तींनी कधी सांगितलं नव्हतं. कितीतरी वर्षं माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला मी श्वास कुठे धरते हे कळलं नव्हतं, आणि त्याला ते कधी कळणारही नव्हतं. पुढच्या आयुष्यातही मला असं कुणी बघितलं नाही, ना पोटच्या पोरांनी, ना सुनांनी. आता माझ्या हातांना कापरं सुटलं आहे, डोळ्यांना सुईचं भोक दिसत नाही, तरी ते मला जसंच्या तसं आठवतं.

“कवापासनं बघतीयास?” मी विचारलं.

“आल्यापासनं.”

“कशापायी?”

जखमी बोटावरची चिंधी तिनं पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

“जळायची मी तुमच्यावर,” ती म्हणाली. “सगळी म्हणायची, थोरलीची वेणी म्हंजे आत्तीचीच. माझी कुणाची म्हणत्यात? अथणीची. घरातली म्हणून कुणी हात लावला न्हाई तिला.”

“मग सांगायचं न्हाईस?”

“तुमी सांगितलं व्हय?”

मी खाली बघितलं. तिसऱ्या पेडाला श्वास धरला, पाचव्याला सोडला, आणि कडेला आल्यावर ओठ चावून ओढ दिली. निलव्वानं वाकून त्यावर तिचं चांगलं बोट फिरवलं.

“चौथा ढिला पडला, अक्का,” ती म्हणाली.

आत्ती गेल्यापासून माझ्या वेणीला असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. मी तेवढी ओळ उकलली आणि पुन्हा घातली.